डावीकडचा व्हॉल्व्ह

मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने विश्रांतवाडीत राहावं, नावाला जागून विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. यातल्या पहिल्या दोन गोष्टी रामदास ओव्हाळांनी व्यवस्थित पाळल्या. तिसरी पाळली असती तर त्यांच्या दारात शहाळ्यांची रास लागली नसती, आणि होणाऱ्या व्याह्यांनी चहा पिता पिता त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा हिशोब मांडला नसता.

वस्तू होती होणाऱ्या जावयाची. सूरज रणपिसे हा कात्रजचा मुलगा, रामदासरावांच्या निकिताच्याच कंपनीत कामाला. मुलगा सालस, निर्व्यसनी, वडीलधाऱ्यांना मान देणारा. फक्त एक नाद होता. तो हेडफोन लावून गाणी ऐकायचा, आणि हेडफोन सरळ मोबाइलला लावण्याइतका साधेपणा त्याच्यात नव्हता. मध्ये एक पेटी लागायची. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिच्या डोक्यावर काचेचे दोन व्हॉल्व्ह, आणि बटण दाबलं की दोन्ही नारिंगी उजळायचे. उजवा व्हॉल्व्ह उजव्या कानासाठी, डावा डाव्यासाठी. सूरज त्यांना ट्यूब म्हणायचा. रामदासरावांनी ट्यूब पाहिली ती छताला नाहीतर सायकलच्या चाकात. रेडिओच्या पोटात असतो तो व्हॉल्व्ह, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढचं सगळं रामायण या एका शब्दाच्या हट्टापायी घडलं.

पेटी देण्यामागे सूरजचा हेतू चांगला होता. रामदासरावांच्या वडिलांची, म्हणजे दादांची, खडकीत भीमगीतांची गायन पार्टी होती. आखातातून आलेल्या मामाच्या टू-इन-वनवर घरातच भरलेली एक कॅसेट तेवढी मागे उरली होती. ती सूरजने मागून नेली, कॉम्प्युटरवर चढवली, खरखर काढून साफ केली आणि पेटी-हेडफोनसकट घेऊन आला.

"काका, दादांचा आवाज उजवीकडे आहे," तो म्हणाला. "पण डाव्या बाजूला नीट कान द्या. तुमच्यासाठी तिथे काहीतरी आहे. काय ते मी सांगणार नाही. रविवारी आई-बाबांना घेऊन उन्हाळ्यातली तारीख ठरवायला येतोय, तेव्हा तुम्हीच मला सांगा. आणि बाकी कशाला हात लावू नका हं."

हे शेवटचं वाक्य म्हणताना पोरगा गालातल्या गालात हसला. रामदासरावांना ते खटकलं. ज्याने उभ्या जिल्ह्याच्या जमिनी मोजल्या त्याला हे कालचं पोर हात लावू नका म्हणून सांगतंय. पण जावई म्हटल्यावर माणूस गिळतो, तसं त्यांनी गिळलं.

त्यांनी हेडफोन चढवला. उजवीकडे दादा गाऊ लागले. तोच पहाडी आवाज, तीच मागची ढोलकी. रामदासराव पाच मिनिटं हललेसुद्धा नाहीत. मग त्यांना डाव्या बाजूची आठवण झाली, आणि डावीकडे शुकशुकाट होता.

इथे थोडं घरगुती सांगायला हवं. दिवस जानेवारीचे. आळंदी रस्त्यावर कानटोपी न घालता स्कूटर हाणल्यामुळे त्या आठवड्यात रामदासरावांचा कान ठणकला होता. हिराबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं, कानात सोडलं, वर कापसाचा बोळा बसवला आणि कानटोपी या विषयावर व्याख्यान दिलं. सकाळी बोळा उशीवर सापडला, ठणका गेला, व्याख्यान मात्र चालू राहिलं. रामदासराव त्याला उत्तर देईनासे झाले होते. हिराबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा ऐकत नाही ही काही बातमी नव्हे.

तर डावी बाजू बंद. रामदासराव शास्त्रशुद्ध माणूस. त्यांनी आधी हेडफोनची फक्त उजवी वाटी डाव्या कानावर धरली, दुसरी हवेतच ठेवली. तरी डावीकडे आवाज नाही. "म्हणजे हेडफोन निर्दोष आहे," त्यांनी निष्कर्ष काढला, "नाहीतर ही वाटी तरी वाजली असती. बिघाड व्हॉल्व्हमध्येच." मग पेटी बंद करून त्यांनी दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करायला घेतली. विजेचा दिवा बंद केल्या केल्या हातात धरू नये हे त्यांना माहीत होतं, पण व्हॉल्व्हच्या बाबतीत ते आठवलं बोट भाजल्यावर. हिराबाईंच्या नव्या फडक्यात धरून त्यांनी उजव्याचा डावा केला, डाव्याचा उजवा केला. डावीकडे तरीही चिडीचूप. आता कोणाही शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. रामदासरावांनीही केला, आणि ठरवलं की दोन्ही व्हॉल्व्ह डाव्या अंगाला लुळे पडले आहेत.

रविवारी व्याही येणार. मुलीने त्या घरात पाऊल टाकायच्या आधी बापाने त्या घरची वस्तू मोडून ठेवली, हे निकिताला जन्मभर ऐकावं लागणार. आणि डावीकडे जे काही होतं, ते आता मिळतंय कसलं. ही दुसरी गोष्ट त्यांना जास्त लागली होती, पण तसं त्यांनी स्वतःलाही कबूल केलं नाही.

त्यांनी करीमभाई मोमीनांना बोलावलं. खात्यात असताना साखळीचं एक टोक रामदासराव धरायचे, दुसरं करीमभाई. मैत्री त्या साखळीइतकीच जुनी आणि तितकीच ताणलेली. करीमभाईंना जुन्या बाजारात फिरून बंद वस्तू घरी आणायची खोड होती. त्यांच्या कपाटात व्हॉल्व्हची एक रशियन जोडी निघाली. रामदासरावांनी सात-बाराचा गट नंबर ताडून पाहावा तसा तिच्यावरचा नंबर ताडून पाहिला. जुळला.

"व्हॉल्व्ह बदलला की आवाज बदलतो, यार," करीमभाई म्हणाले. "हे शौकीन लोकांचं काम आहे. कोणी गोड करतो, कोणी भरदार करतो."

"मला गोड नको, करीम. मला डावीकडे ऐकू यायला हवं."

नवी जोडी बसली. जुनी जोडी रामदासरावांनी फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खोल खुपसली, कारण नाजूक वस्तूला तांदळासारखी जागा नाही आणि हिराबाई डबा वरवरच उपसतात. मग आधी करीमभाईंनी हेडफोन लावला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा. काय मऊ लागतोय रे दादांचा आवाज. आणि डावीकडे तर काय गर्दी आहे. बायका आहेत, झांज आहे, पोरं आहेत."

रामदासरावांनी घाईघाईने हेडफोन ओढून आपल्या कानांवर चढवला. डावीकडे स्मशानशांतता. त्यांनी करीमभाईंकडे करुणेने पाहिलं. माणूस स्वभावाने भला, मित्राला वाईट वाटू नये म्हणून बायका-पोरंसुद्धा ऐकायला तयार होता.

"करीम, एक सांगू? राग मानू नकोस. तुझे कान गेलेत. वयोमानाने होतं. तपासून घे."

"माझे कान?"

"तुझे."

करीमभाईंनी चपला घातल्या. जिन्यात त्यांचं काहीतरी पुटपुटणं चालू होतं, पण ते रामदासरावांच्या डाव्या अंगाला होते.

मग रामदासरावांनी खरी चूक केली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "नमस्कार. व्हॉल्व्ह बिघडला आहे. खात्रीचा माणूस माहीत असल्यास कळवावे."

सोसायटीचे सेक्रेटरी अनंत खांबेटे. जन्म नारायण पेठेत, आणि विश्रांतवाडीत राहायला येऊनही पेठ त्यांच्या जिभेवरून उतरली नव्हती. त्यांचं उत्तर लगेच आलं. "टाकीचा व्हॉल्व्ह मी स्वतः सकाळी पाहिला आहे. ज्यांना उशिरा उठायची सवय असते त्यांना पाणी गेलेले दिसते."

रामदासरावांचा अपमान झाला. त्यांनी खात्यातल्या टिपणीसारखं नेमकं, मुद्देसूद उत्तर लिहिलं. "टाकीचा नव्हे. माझा स्वतःचा. डावी बाजू पूर्ण बंद. थोड्या वेळाने फार तापतो. एकदा बदलून पाहिला, उपयोग नाही. रविवारी पाहुणे येण्याआधी काम होणे अत्यंत गरजेचे. कृपया घरी येऊन बोलू नये, सौ. ला यातले काही माहीत नाही."

मग खांबेट्यांनी नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं. सोसायटी नोंदली गेल्यापासून खांबेट्यांनी कोणापुढे हात जोडल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

दुसऱ्या दिवशी रामदासराव भाजी घेऊन परतले तर लिफ्टमधली माणसं बाहेर आली आणि त्यांना एकट्याला आत घातलं. पिशवी त्यांच्या हातातून कोणीतरी काढून घेतली. दारात शहाळी येऊ लागली. आणणारा आधी डोकावून हिराबाई नाहीत याची खात्री करायचा, मग खालच्या आवाजात "सगळं ठीक होईल" म्हणायचा आणि जिन्याने निघून जायचा. रामदासराव भारावले. एका पेटीतल्या बिघाडासाठी सगळी सोसायटी हळहळते आहे. पुणेकरांना संगीताची चाड आहे हे त्यांनी ऐकलं होतं, पण ती या थराला गेली असेल असं वाटलं नव्हतं.

खांबेटे तर स्वतः येऊन बाकावर शेजारी बसले. "माझ्या मेव्हण्याचा बदलला गेल्या वर्षी. हल्ली पूर्ण उघडत नाहीत म्हणे. बारीक भोक पाडून बसवतात."

"भोक नाही पाडावं लागत. वरूनच बसतो. खाली पाय असतात त्याला, ते सरळ करून दाबायचा."

खांबेट्यांनी आवाज आणखी खाली आणला. "धातूचा घ्या. टिकतो."

"काचेचाच असतो हो."

"काचेचा," खांबेटे म्हणाले. त्यांनी रामदासरावांचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाले, "पार्किंगबद्दल मी तुम्हाला फार बोललो. मनात ठेवू नका."

रामदासरावांना पहिल्यांदाच भीती वाटली. खांबेटे गोड बोलतात म्हणजे प्रकरण दिसतं त्यापेक्षा गंभीर असलं पाहिजे.

आता विश्रांतवाडी कुठे आणि कात्रज कुठे. पुण्याची दोन टोकं. पण सोसायटीतल्याच एकीची बहीण रणपिशांच्या खालच्या मजल्यावर राहते, आणि अशा बातमीला सिग्नल लागत नाही.

रविवारी सूरजचे आई-वडील, संपतराव आणि राधाबाई, आले ते सुतकात आल्यासारखे. जय भीम झाला, पण तोही दबक्या आवाजात. सूरज मान खाली घालून बसला. संपतराव रामदासरावांच्या डाव्या हाताला बसले आणि वाकून हळूच म्हणाले, "कसं वाटतंय आता?" रामदासराव समोर पाहत राहिले. संपतरावांनी बायकोकडे पाहून मान हलवली. मग ते उठून उजवीकडे बसले.

"ओव्हाळसाहेब, आम्हाला सगळं कळलंय. आता लपवू नका."

पेटीचं बिंग फुटलं, हे रामदासरावांनी ओळखलं. पण माणूस सरकारी शिस्तीतला. चूक उघड झाली की वाद घालायचा नाही.

"मीच सांगणार होतो. धीर झाला नाही. मी तो बदलला."

"कुठे बदललात?"

"इथेच. या टेबलावर. मीच काढला, फडक्यात धरून. गरम होता, हे बघा, बोट भाजलं."

राधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तुम्ही स्वतः काढलात," संपतराव म्हणाले. "आणि आता आत कोणता आहे?"

"रशियन आहे. आमच्या करीमने जुन्या बाजारातून आणलेला."

"जुन्या बाजारातून." संपतरावांनी कपाळ पुसलं. "आणि मूळचा?"

रामदासरावांनी स्वयंपाकघराकडे एक चोरटी नजर टाकली. "तांदळाच्या डब्यात."

"माझ्या तांदळाच्या?" पोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या हिराबाई दारातच थबकल्या.

संपतराव आता सावरले. जबाबदार माणूस अशा वेळी करतो ते त्यांनी केलं. "हे बघा, उन्हाळ्याची वाट बघायला नको. येत्या आठवड्यातच लग्न करून टाकू. मंडप नको, काही नको. तुमच्या डोळ्यांदेखत झालं म्हणजे झालं."

"डोळ्यांदेखत म्हणजे?" निकिता हातातला चहा तसाच घेऊन उभी राहिली. "पप्पा, तुम्हाला काय झालंय? आणि मला कोणीच काही सांगितलं नाही?"

"मला कुठे काय झालंय? जे झालंय ते त्या पेटीला. डावा व्हॉल्व्ह गेलाय."

इथे सूरजची ट्यूब पेटली. त्याने मान वर केली, टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं, आपल्या वडिलांकडे पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "काका माझ्या अ‍ॅम्पबद्दल, या पेटीबद्दल बोलतायत. हृदयाबद्दल नाही."

मग जी शांतता झाली ती रामदासरावांना दोन्ही बाजूंनी सारखीच ऐकू आली. हळूहळू लिफ्ट, शहाळी, भोक, धातू, सगळं एकेक करून त्यांच्या डोक्यात उलगडत गेलं. निकिता चहा खाली ठेवून रडता रडता हसायला लागली. राधाबाईंनी पदर सोडला आणि मोठा श्वास घेतला. आनंद सगळ्यांना झाला होता. फक्त ज्यांच्या जिवावरचं टळलं होतं त्यांनाच तोंड कुठे लपवावं कळत नव्हतं.

"पण वस्तू मी मोडली ती मोडलीच," ते म्हणाले. "सूरज, तू सांगूनही मी हात लावला. या गोष्टीसाठी पुढे निकिताला कोणी बोलू नये, एवढीच विनंती आहे."

सूरजने पेटी लावली, हेडफोन चढवला, डोळे मिटून ऐकलं. "काका, दोन्ही बाजू उत्तम चालू आहेत. खरं सांगू? माझ्या ट्यूबपेक्षा या गोड आहेत."

तेवढ्यात बेल वाजली. दारात करीमभाई उभे होते, बरोबर त्यांची सून मिसबा. मिसबा कान-नाक-घशाची डॉक्टर, आणि सासऱ्यांनी तिला तपासणीच्या बॅगसकट उचलून आणलं होतं.

"माझे कान तपासून झाले," करीमभाई उंबऱ्यातूनच म्हणाले. "पोरगी म्हणते, तिशीतल्या माणसाचे आहेत. आता याचे बघ, बेटा. सगळ्यांसमोर बघ."

मिसबाने बारीक दिव्याचं यंत्र रामदासरावांच्या उजव्या कानाला लावलं आणि मान डोलावली. मग डाव्या कानाला लावलं आणि तिथेच थांबली. "काका, हलू नका," म्हणत तिने चिमटा आत घातला आणि तेलाने थबथबलेला कापसाचा एक लांबलचक पिळा बाहेर काढला. खोलीभर लसणाचा वास सुटला.

हिराबाईंनी तो लगेच ओळखला. "बोळा अर्धाच पडला होता. आणि मी आठवडाभर समजतेय, हा माणूस मला मुद्दाम उत्तर देत नाही."

"देत नव्हतोच," रामदासराव म्हणाले, पण जरा हळू, कारण आपलाच आवाज त्यांना केवढा तरी मोठा लागत होता. रस्त्यावरचे हॉर्न, कुकरची शिट्टी, करीमभाईंचं हसणं, सगळं डाव्या बाजूने धो धो आत येत होतं.

खांबेटेही शहाळं घेऊन आले होते, दारातच त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शहाळं खाली न ठेवता ते म्हणाले, "म्हणजे माणूस धडधाकट आहे. मग ती गाडी उद्यापासून पांढऱ्या रेषेच्या आत लावा." आणि शहाळं परत घेऊन गेले. रामदासरावांच्या छातीवरचा उरलासुरला धोंडा त्या वाक्याने उतरला.

लग्न आधी ठरल्याप्रमाणे उन्हाळ्यातच करायचं पक्कं झालं, मंडपासकट. पोहे गार झाले होते, तरी सगळ्यांनी दोनदा घेतले. मग सूरजने हेडफोन पुढे केला. "काका, आता डावीकडे."

रामदासरावांनी तो चढवला. उजवीकडे दादा. डावीकडे झांज, बायकांचा कोरस, कोणाचं तरी तान्हं रडतंय. एक गाणं संपलं, दुसऱ्याची ढोलकी सुरू व्हायची होती, आणि त्या मधल्या फटीत डाव्या कानाशी एक बाई करवादली.

"रामदाश्या, हात लावू नगं म्हनलं ना त्या मशिनीला."

आई होती. आईचा एक फोटो घरात होता. आवाज कुठेच नव्हता. तो कसा होता हेसुद्धा ते विसरले होते, आणि विसरलोय हे त्यांना आत्ता कळलं. रामदासराव रडले, आणि व्याह्यांसमोर रडले याची त्यांना लाज वाटली नाही. सूरज गालातल्या गालात हसत होता, तसाच, त्या दिवशीसारखा.

"मागे घेऊ का? परत ऐकायचंय?" त्याने विचारलं.

रामदासरावांचा हात आपोआप पेटीच्या बटणाकडे गेला होता. तो त्यांनी गुपचूप मागे घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "तूच लाव."